सुकन्या कुणाची

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका वस्तीवर सिंधूबाई शेरडं-मेंढरं राखते. स्वभावानं पहिल्यापासून संशयी. बाजारात शेळी विकताना ती व्यापाऱ्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या हाताकडं जास्त बघते.

तिची लेक सुकन्या जन्मली तीच जोडलेल्या भुवयांची, लांब पापण्यांची, चिमुकल्या तळहातांची. घरात तशी चेहरेपट्टी कुणाचीच नव्हती. दूध पाजलं की ओकायची, वर्ष उलटलं तरी बसेना, हाकेला वळून बघेना. दवाखान्यात लेकरू बदललं, असं सिंधूबाईच्या मनानं घेतलं. बाळंतपणाच्या दिवशी हट्टा गावची एक बाई तिच्या शेजारच्या खाटेवर बाळंत झाली होती. सिंधूबाई एसटीनं हट्ट्याला गेली, विचारत विचारत त्या बाईच्या ओसरीवर पोचली. तिथं खेळणारी पोरगी हुबेहूब त्या बाईसारखी होती. सिंधूबाई पाणी पिऊन परत आली.

मग संशय जावेवर गेला. नीलाबाईनं गरोदरपणात तिला काढा दिला होता. सिंधूबाईनं तिच्या हातचं खाणं सोडलं.

शेवटी नवरा प्रभू मायलेकींना हिंगोलीला लहान मुलांच्या डॉक्टर मंजुषा यांच्याकडं घेऊन गेला. डॉक्टर सुकन्याच्या भुवया आणि बोटं बराच वेळ न्याहाळत राहिल्या. मग म्हणाल्या, तिघांचं रक्त हैदराबादला तपासायला पाठवू. सिंधूबाईनं साफ नकार दिला. रक्त नेऊन हे काय करतील, कुणी सांगावं? ती लेकराला पाजायला पडद्याआड गेली, तेव्हा पलीकडून प्रभूचा दबका आवाज आला.

"मॅडम, पोरगी माझीच हाय का, ते यात कळंल का?"

तपासणी त्यासाठी नसते, पण तिघांचं रक्त ताडून बघताना ते दिसतंच, असं डॉक्टरांनी सांगितलं.

सिंधूबाई पडद्याबाहेर आली आणि तिनं हात पुढं केला. "घ्या रक्त. पण पहिलं यांचं घ्या, माझ्यासमोर."

निकाल येईपर्यंत ती प्रभूशी बोलली नाही. त्यानं पोरीला घ्यायला हात पुढं केला की ती पाठ फिरवायची.

निकाल सांगायला डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. लेकरू तुमच्या दोघांचंच आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. प्रभूची मान खाली गेली. मग त्यांनी आजार समजावला. शरीरातल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी सगळीकडं चालत नाहीत. कुठलं कधी चालवायचं, हे प्रथिनांचे गट मिळून ठरवतात. त्यातला एक गट कड्यासारखा असतो. तो जनुकांच्या लांब धाग्याला वळसे पाडतो, म्हणजे जनुक चालू करणारा दूरचा भाग त्या जनुकाजवळ येतो. हे कडं धाग्यावर बसवणारं एक प्रथिन सुकन्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. म्हणून कितीतरी जनुकं, काही थोडी कमी, काही थोडी जास्त चालतात. हात, पोट, कान, वाढ, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला बदल आईबापाच्या रक्तात सापडला नाही. तो तिच्यातच नव्यानं झाला.

"जावेनं काढा दिला व्हता, त्यानं तर न्हाई?" सिंधूबाईनं विचारलं.

"नाही."

तिनं तेच दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

आजार मुळातून जाणार नव्हता. ओकारीवर औषध मिळालं, व्यायाम शिकवले, कानाची तपासणी होऊन ऐकायचं यंत्र मिळालं. ते सिंधूबाईनं आधी स्वतःच्या कानाशी धरून पाहिलं, मगच लेकराला लावलं. करडू ओरडलं आणि सुकन्यानं मान वळवली.

त्या संध्याकाळी ती नीलाबाईकडं जाऊन भाकरी खाऊन आली. प्रभू दारातच थांबला होता. चुकलं माझं, म्हणाला.

"मला इचारायचं व्हतं. डॉक्टरला काहून इचारलं?"

मग तिनं पोरगी त्याच्या मांडीवर दिली आणि समोरच बसून राहिली.

सुकन्या आता धरून धरून चालते, बापाच्या मागं मेंढरांत जाते. पण प्रभू कुणाशी हळू आवाजात बोलू लागला, की सिंधूबाईच्या हातातलं काम आजही थांबतं.