दातानं मोजलेलं गवत

गवताला विळा लावण्याआधी सायत्रामावशी एक कांडं तोडून दाताखाली धरायची. सहज तुटलं तर विळा चालायचा. चोथा दातात अडकला, तर कापणीला उशीर केला म्हणून ती दिवसभर आमच्यावर धुसफुसत असायची.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कारधा गावाच्या पलीकडे, आमच्या गावच्या दूध संस्थेनं नदीकाठी नेपियर, म्हणजे उसासारखं उंच वाढणारं चाऱ्याचं गवत लावलं होतं. मी संस्थेचा नवा आणि बऱ्यापैकी घाबरट सचिव. मावशी रोजंदारीवर गवत कापायची. अध्यक्षांचा हुकूम होता, गवत डोक्यावर गेल्याशिवाय कापायचं नाही. सभासदांना वाटायची पेंढी वजनदार भरली पाहिजे. मावशी मात्र गवत कमरेला आलं की कापून मोकळी.

अध्यक्षांनी तिला कामावरून काढायची धमकी दिली. तिच्या घरात दुसरं कुणी कमावणारं नव्हतं, म्हणून मी तिला गप्प राहायला सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली. त्या खेपेला गवत डोक्यावर गेल्यावरच कापलं गेलं. पुढच्या सभेच्या दिवशी ती सभासदांच्या गोठ्यागोठ्यांत फिरली. गाईंनी चघळून टाकलेले जाड दांडे तिनं टोपल्यात भरले आणि ते टोपलं थेट अध्यक्षांपुढे ओतलं.

"हे बी वजनच हाये, सायेब. गाईनं नाई खाल्लं, तुमी खाऊन पाहा."

सभा हसली. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यानंतर गवत कमरेला आलं की कापलं जाऊ लागलं.

दूध वाढलं तसा मला चेव आला. कोवळं चांगलं, तर आणखी कोवळं आणखी चांगलं, असं मी ठरवून टाकलं. दर पंधरा दिवसांनी, अगदी जमिनीलगत कापा म्हणालो. मावशी खूश होईल असं मला वाटलं होतं. ती विळा खाली ठेवून बांधावर जाऊन बसली.

"त्याले बी दम घेऊ दे ना, भाऊ. वीतभर बूड ठेव, पाला भरू दे. घडीघडी मुंडी कापली तं ठोंबच मरते."

मी दुसऱ्या माणसाकडून दोन ओळी तशा कापून घेतल्याच. उन्हाळ्यापर्यंत त्या ओळींतले ठोंब वाळून गेले. मी गुपचूप ते उपटायला गेलो, तर ही हजर. राहू दे म्हणाली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. वर्षभर माझा मूर्खपणा रस्त्यालगत तसाच उभा होता.

पुढे मीच अध्यक्ष झालो. गेल्या हिवाळ्यात मावशीनं अंथरूण धरलं. भेटायला जाताना मी मळ्यातलं एक कांडं नेलं. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता.

"तूच चाव," ती म्हणाली.

मी चावलं. वजनासाठी सभासद मागे लागले होते आणि मी गवत डोक्यावर जाऊ दिलं होतं.

"कोवळं आहे, मावशी."

"खोटं बोलून राहिला तू. दातात अडकलं हाये."

तिनं खाटेखालचा विळा ओढून माझ्या हातात दिला. चार दिवसांनी ती गेली. तोवर सगळं गवत कापून झालं होतं, वीतभर बूड ठेवून.