अण्णा गेल्याची बातमी

ब्लॉग लिहून पैसे कसे मिळवावेत, असं मला कोणी विचारलं तर मी एकच सल्ला देतो : घरमालकाबद्दल लिहू नका.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. ब्लॉग हा शब्द अजून कानावर आला नव्हता. तेव्हा होमपेज म्हणायचे. एका मासिकात मी वाचलं की फुकट पान उघडायचं, रोज काहीतरी लिहायचं, वाचक वाढले की जाहिराती मिळतात आणि मग पैसे. नवशिक्यांना सूचनाही होत्या. रोजच्या आयुष्यातलं लिहा, ओळखीच्यांना वाचायला लावा आणि मथळा असा द्या की माणूस दचकला पाहिजे. मी सगळ्या सूचना मनापासून पाळल्या. घोटाळा तिथंच झाला.

माझ्या रोजच्या आयुष्यात लिहिण्यासारखं एकच होतं : आमचे घरमालक अण्णा. राजाजीनगरच्या त्या घरात खाली अण्णा आणि त्यांच्या पत्नी अक्का, वर मी आणि माझी बायको माधुरी. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं, तरी घरात मराठी टिकून होतं. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून अण्णांनी आपल्याच फोनची वायर वर ओढून दिली होती. त्यावरून मी इंटरनेट लावायचो. (मी लावलं की खालचा फोन बंद पडायचा. अक्कांना वाटायचं, लाइन खराब आहे. मी त्यांचा हा समज कधी मोडला नाही.)

वाचक मात्र एकच मिळाली. अण्णांची मुलगी सुमित्रा, मुक्काम अमेरिका. पानाचा पत्ता मीच तिला कळवला होता. इंग्रजी अक्षरांतलं माझं मराठी ती घरच्या ओढीनं रोज वाचायची.

एका शनिवारी अक्कांनी अण्णांची जुनी आरामखुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली. अण्णांनी एक शब्द न बोलता पिशवी भरली आणि थोरल्या बहिणीकडे शहराबाहेर आनेकलला निघून गेले. मला विषय मिळाला. मथळा दिला, 'अण्णा गेले'. खाली लिहिलं : 'आज सकाळी अण्णा गेले. जाताना कुणाशी बोलले नाहीत. छत्रीसुद्धा नेली नाही. घर कसं शांत शांत वाटतंय. अक्का अजून रडलेल्या नाहीत, उलट त्यांनी रेडिओ मोठ्यानं लावलाय. सविस्तर उद्या.' (वाचकाची उत्सुकता ताणून धरा, हेही त्या मासिकातच होतं.)

रविवारी पहाटेपासून इंटरनेट लावून बसलो, बघतो तर पान उघडणाऱ्यांचा आकडा चढतोय. मी पुन्हा बघितलं, तो आणखी चढला.

"माधुरी, लोक वाचायला लागले."

"ते राहू दे," ती म्हणाली. "खाली कोणीतरी रडतंय."

मी जिन्याशी गेलो. खरंच, दारात अण्णांचे धाकटे भाऊ रडत होते. के. आर. पुरमहून सहकुटुंब रिक्षानं आले होते. हातात मोठा हार. अण्णा कालच तर धडधाकट गेले होते. आनेकलला काय झालं असेल? माझेही डोळे भरून आले आणि मी भिंतीला टेकून रीतसर रडू लागलो.

इतक्यात अक्का बाहेर आल्या.

"अक्का, अण्णा गेले की," भाऊ हुंदका देत म्हणाले.

"गेले तर गेले," अक्का म्हणाल्या. "दोन दिवस डोकं शांत राहील माझं."

भावाचं रडणं जागच्या जागी थांबलं. "असं काय बोलता, अक्का?"

"मग काय करू? भूक लागली की येतात परत."

भावाच्या बायकोनं अक्कांना हलकेच धरून खाली बसवलं. दुःखानं डोक्यावर परिणाम झालाय, असं ती कुजबुजली. मग भावानं सांगितलं की सुमित्राचा अमेरिकेहून फोन आला होता. घरचा फोन लागेना म्हणून तिनं त्यांना कळवलं होतं. तिनं बातमी इंटरनेटवर वाचली होती आणि पुढचं कळावं म्हणून तेच पान सारखं उघडून बघत होती.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही रडता रडता थांबलो. आपणच लिहिलेल्या बातमीवर मी इतका वेळ अश्रू ढाळत होतो.

वर धावत जाऊन मी इंटरनेट बंद केलं. त्या क्षणी खाली फोन वाजला. सुमित्राच होती. अक्कांनी तिला सांगितलं की बाबा जिवंत आहेत, आनेकलला आहेत. तिचा विश्वास बसेना. आईला धक्का बसलाय आणि काका सावरून घेतायत, असंच ती धरून चालली. बाबांचा आवाज ऐकल्याशिवाय ऐकणार नाही, नाहीतर मिळेल त्या विमानानं निघते, म्हणाली. आनेकलला बहिणीकडे फोन नव्हता.

"आता जा आणि अण्णांना घेऊन ये," माधुरी मला म्हणाली. "घर खाली करायला सांगितलं तर तुझ्या त्या होमपेजवर राहायला जाऊ."

मी आनेकलची बस पकडली. या शहरात पुन्हा घर शोधायचं या कल्पनेनंच जीव अर्धा झाला. पोचलो तेव्हा अण्णा जेवत होते.

"तिनं पाठवलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण तुमच्या भावानं हार आणलाय."

"कशाला?"

मी सगळं सांगितलं. अण्णांचा घास हातातच राहिला.

"मी मेलो म्हणून लिव्हलास काय?"

"गेले, असं लिहिलं."

"आनेकलला गेले म्हणून लिव्हायला काय झालं होतं?"

"मथळा दचकवणारा लागतो, अण्णा."

ते हात धुऊन उठले. कोपऱ्यावरच्या एसटीडी-आयएसडी बूथवरून त्यांनी अमेरिकेला फोन लावला. "सुमी," ते म्हणाले, "मी नाही गेलो, बाळा. खुर्ची गेली." पलीकडे ती बराच वेळ रडत असावी, कारण अण्णा भिंतीकडे तोंड करून नुसतं 'हो बाळा, हो बाळा' करत उभे होते. बाहेर आले तेव्हा ते उपरण्यानं डोळे पुसत होते.

घरी अक्का फाटकातच उभ्या होत्या.

"जेवलात काय?"

"जेवलो."

भांडण तेवढ्यावर मिटलं. हार अक्कांनी देवाच्या फोटोला घातला.

संध्याकाळी अण्णांनी मला खाली बोलावलं. माधुरीनं वर पातेली एकावर एक रचून ठेवायला सुरुवात केली होती. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

"सकाळी कोण कोण रडलं?" त्यांनी विचारलं.

"तुमचे भाऊ खूप रडले."

"आणि तू?"

"मीसुद्धा रडलो, अण्णा."

"किती?"

खोटं बोलायचं धैर्य उरलं नव्हतं. "स्वल्प," मी कानडीत म्हणालो.

अण्णांनी मान डोलावली. "सरी, बरं. मग भाडं पण स्वल्पच वाढवतो."

होमपेजमुळे पैशांची झालेली ही एकमेव उलाढाल. तीसुद्धा माझ्या खिशातून त्यांच्या खिशात.