कोलंबीच्या लोणच्यातलं फुलपाखरू

दातिवऱ्याहून निघाले तेव्हा एसटी सुटायला आली होती आणि आई माझी बॅग पुन्हा उघडून त्यात सोडे कोंबत होती. बोईसरच्या कारखान्यातली नोकरी सोडून मुलगी फुलपाखरांचे पंख बघायला इंग्लंडला चालली, यावर तुम्ही गाववाल्यांनी हसून घेतलंत. बाबा मात्र म्हणाले, "जा. आपल्या वाडीतलं पाखरू पण दाखव त्यांना."

तेच माझ्या मनात बसलं. आपल्या चिकूखाली येतं ना, काळ्या पंखांचं, पांढऱ्या ठिपक्यांभोवती निळी झाक असलेलं? इंग्लंडला प्रयोगशाळेतल्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी अट घातली: हा निळा रंगद्रव्याचा नाही, पंखांच्या बारीक रचनेतून प्रकाश परततो म्हणून दिसतो, हे सिद्ध कर; नाहीतर दुसरा विषय घे.

बाबांनी हंगामभर वाडीत मरून पडलेल्या फुलपाखरांचे पंख वेचले आणि इंग्लंडला येणाऱ्या सरावलीच्या एका ओळखीच्या इंजिनियरबरोबर डब्यातून पाठवले. डबा उघडला तर सगळे पंख तेलात. आईने वर ठेवलेल्या कोलंबीच्या लोणच्याच्या बाटलीचं झाकण प्रवासात सुटलं होतं. निळ्याचा मागमूस नव्हता. विषय गेला म्हणून मी ढसाढसा रडले. फोनवर आईला विचारलं तर ती उलट मलाच म्हणाली, "रिकामा डबा कोन पाठवते गो? पाखरांनी काय डबा भरते?"

चिडून एक पंख ॲसिटोनमध्ये धुतला आणि दिव्याखाली वाळत ठेवला. निळा परत आला! पंखावरच्या पापुद्र्यांमधल्या फटींत तेल शिरलं होतं. ते निघून हवा आली, तशी झाकही आली. रंगद्रव्य असतं, तर असं गेलं-आलं नसतं. मी बाईंपुढे तेलाचा थेंब टाकून निळा घालवला, धुऊन परत आणला. विषय माझाच राहिला. बाटलीत उरलेलं लोणचं बाईंनी नाक पुसत खाल्लं.

डबा परत पाठवताना मीही तो बिस्किटांनी भरला. रिकामा कसा पाठवणार? माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुमच्याकडेही असा एखादा डबा असेलच. माझं घर आता बरंचसं त्या डब्यात आहे.

बाबांचे गुडघे हल्ली वाकत नाहीत, त्यामुळे पंख येणं थांबलं होतं. यंदा डबा आला. लोणच्याची बाटली एका पिशवीत होती, आणि दुसऱ्या पिशवीत, गाठीवर गाठ मारून, एक निळा पंख. आईने वेचलेला.