घाई असेल तर लुडो खेळा

मुकादमबाईंच्या घरी खेळायला गेलं की आधी हात पाठीमागे घ्यावे लागत. थट्टा नाही, खरंच! मी आणि शेजारच्या कांबळेवहिनी, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या आया आम्ही, कोपरखैरण्यातल्या त्यांच्या रो-हाउसमध्ये सतरंजीवर हात मागे बांधून बसायचो. समोर पुठ्ठ्याचा भला मोठा पट, त्यावर समुद्र, बंदरं, लाकडाची इवलीइवली जहाजं. पण कशाला बोट लावायची सोय नाही. "हात मागं, कान पुढं," असं म्हणून बाई चष्मा सरळ करायच्या आणि खेळाच्या नियमांचं पुस्तक उघडायच्या. पुस्तक कसलं, आमच्या सोसायटीच्या सगळ्या नियमांपेक्षा जाड! ते इंग्रजीत. बाई डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ आम्हाला मराठीत समजावून सांगायच्या आणि मध्येच एखादीला उठवून प्रश्न विचारायच्या.

बाई मूळच्या श्रीवर्धनच्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं. नवरा गेल्यावर मुलानं घेतलेल्या या घरात एकट्या राहायला आल्या. मुलगा अस्लम मालवाहू जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा घरी यायचा. हा खेळ त्यानंच परदेशातून आणलेला. आणला तेव्हा आईबरोबर एकदा खेळायलाही बसला होता. बाईंनी दोन-तीनदा "हे कसं रे?" विचारलं, तसा तो हसला. "अम्मी, तुला नाही जमायचं हे," म्हणाला आणि मित्रांकडे निघून गेला. पट तसाच पसरलेला राहिला. हे मला बाईंनीच सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आता तो येईल तेव्हा मला सगळं यायला पायजे. मग बसेल की नाही माझ्यासमोर?"

त्यांचा हट्ट मला कळत होता हो. पण पुस्तकाप्रमाणे त्या खेळाला कमीत कमी तिघं लागायची, आणि हाताशी सापडणाऱ्या दोन बकऱ्या म्हणजे आम्ही!

बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. कुणाचा एक दिवस बुडला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा पहिल्या पानापासून ऐकावं लागायचं. एकदा कांबळेवहिनींकडे चिपळूणहून पाहुणे आले आणि त्यांचा दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी बाईंनी पहिलं पान उघडलं.

"अहो बाई, हे मी ऐकलंय!" मी ओरडले.

"तू ऐकलंस गो. तिनं नाही ऐकलं ना. वर्गात एक पोरगी मागं राहिली तर मी धडा पुढे नेत नाय."

पुढे माझी सासू आजारी पडली, मग वहिनींच्या मुलाला गोवर निघाला. झालं! आम्ही कायम पहिल्या पानावर. कुठल्या बंदरात मिरी स्वस्त आणि कुठं जायफळाला भाव, हे मला आजही झोपेत सांगता येईल. माझ्या स्वयंपाकघरातली मिरी संपून आठवडा झाला होता, तिचं मात्र मला भान नव्हतं. चारला नळाला पाणी यायचं, तेवढीच आमची सुटका. पाण्याच्या आवाजाला मी इतकी कधी आसुसले नव्हते.

एकदाचा खेळ सुरू झाला, तर दोन जहाजं एकदम एका बंदराला लागली. माल आधी कुणाचा उतरायचा, ते काही पुस्तकात सापडेना. चारचौघांनी नाणं उडवलं असतं. बाईंनी खेळच थांबवला. फोन तेव्हा आमच्याकडेच होता, त्यामुळे अस्लमचा फोनही आमच्याकडे यायचा. त्या आठवड्यात तो आला. परक्या मुलखातून पोरगा बोलतोय, तर आईनं विचारावं ना, जेवलास का, तब्येत कशी आहे? छे! "दोन जहाजं एकदम आली तर काय करायचं रे?" पलीकडून तो काहीतरी बोलला. बाईंनी रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाला?"

"आल्यावर बघू, म्हणतो."

तो येईपर्यंत काय आम्ही समुद्रात तरंगत राहायचं? शेवटी मी कपाळावर हात मारला, माझाच माल मागे ठेवला, तेव्हा कुठं गाडी पुढे सरकली.

तरी भांडण झालंच. मी मालाचं नाव मोठ्यानं न सांगता फासा टाकला, म्हणून बाईंनी माझी खेळी बाद केली. मी जिंकत होते हो! माझं डोकंच फिरलं. "ठेवा तुमची जहाजं तुमच्यापाशी!" म्हणत मी उठले. बाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. "घाई असेल तर लुडो खेळा," एवढंच म्हणाल्या. चप्पल पायात सरकवताना मी शपथ घेतली, परत या घरात पाऊल टाकणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हजर. काय करणार, आता मलाही जिंकायचं होतं.

डिसेंबरात अस्लम आला. बाईंनी सांदणं केली, कोळंबी केली, आणि त्याचं जेवण होतंय न होतंय तोच आम्हाला हाक मारली. बाई पट मांडत होत्या. अस्लम सारखा घड्याळ बघत होता. "अम्मी, एकच डाव हां. वाशीला मित्र थांबलेत."

खेळ सुरू झाला आणि वादळाची फेरी आली. वादळात कुणी बंदर सोडायचं नाही, हा साधा नियम. या पठ्ठ्यानं आपलं जहाज उचललं आणि खुशाल समुद्रात नेलं. मी तोंड उघडलं, "अहो, वादळ—" तोच बाईंनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"वा! चांगली खेळी," बाई अस्लमला म्हणाल्या.

मग त्यानं तोच माल दोनदा विकला. बाई गप्प. आपली नसलेली लवंग उचलली. बाई गप्प. कांबळेवहिनी माझ्याकडे बघताहेत, मी त्यांच्याकडे. या माणसानं पुस्तक कधी उघडलंच नव्हतं! जहाजावर चार जण जसे खेळत तसा तो खेळत होता. अर्थातच तो जिंकला.

"अम्मी, तू तर शिकलीस की!" तो खूश होऊन हसला, आणि घड्याळाकडे न बघता म्हणाला, "अजून एक डाव मांड."

पाणी येऊन गेलं तरी डाव चालूच होता. अंधार पडायला लागला तेव्हा कुठं तो मित्रांकडे गेला. दार लागलं आणि मी फुटलेच.

"बाई, मी नुसता फासा लवकर टाकला तर माझी खेळी बाद! आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत वाट्टेल ते करतो, तर वा वा? इतके महिने आम्हाला कशाला राबवलंत मग?"

बाई जहाजं पुसून डब्यात ठेवत होत्या.

"तू रागावून गेलीस तरी उद्या येशील गो. त्याला मी टोकलं असतं तर तो उठला असता." डब्याचं झाकण त्यांनी हळूच लावलं. "आठवडाभर आहे तो इथं. चुकीचा खेळू दे. माझ्यासमोर बसून खेळू दे."