फैफाच्या डोंगरातलं 'स्थानिक' रेशीम

सौदीच्या दक्षिण टोकाला, जिझानला जायचं माझ्या डोक्यात नव्हतं. ते माझ्या लेकीने, इराने ठरवलं. इरा चौदा वर्षांची, रियाधच्या भारतीय शाळेत नववीत. एका फॅशन ब्रँडने शाळकरी मुलांकडून 'पर्यावरणाला न दुखावणारे कपडे' या विषयावर निबंध मागवले होते, त्यात हिचा निवडला गेला. बक्षीस काय, तर जिझानच्या वरच्या फैफा डोंगरात असलेल्या त्यांच्या कार्यशाळेला भेट, आणि त्यांच्या जाहिरातीच्या व्हिडिओत अबाया, म्हणजे इथला पायघोळ झगा, घालून दोन मिनिटं बोलायची संधी. विमानाचं भाडं आपलं आपण भरायचं. पर्यावरणाची काळजी ते घेणार, तिकिटाची आम्ही.

ब्रँडचं नाव मी लिहीत नाही, आणि पुढे येणारी माणसांची नावंही बदललेली आहेत. त्याचं कारण वाचता वाचता कळेल. त्यांचं माहितीपत्रक मात्र मी तीनदा वाचलं, कारण इतकं विनोदी लिखाण फुकट मिळत नाही. सौदीच्या मातीत वाढलेलं रेशीम. जपानी हातांनी दिलेला निळीचा रंग. किमोनोसारखी सरळ बेतणी, त्यामुळे एक चिंधीही वाया जात नाही. आणि हे सगळं 'एकही जीव न दुखावता'. हे पत्रक प्लॅस्टिकच्या चकचकीत पाकिटात घालून घरी आलं होतं.

मी बँकेत नोकरी करते, पण जन्म येवल्याचा. वडील अजून पैठणी विणतात. रेशमाच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये, असा माझा ताठा आहे, आणि तो मी रियाधपर्यंत जपून आणला आहे. नवऱ्याने सुट्टी नाही म्हणून हात वर केले. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी निघालो.

रियाधहून जिझानचं विमान दोन तासांच्या आत पोचवतं. गाडी विमानतळावरच भाड्याने घ्या, पण छोटी घेऊ नका, चढ बघून पस्तावाल. शुक्रवारच्या नमाजापर्यंत हॉटेलं बंद असतात, म्हणून आम्ही बंदराजवळ थांबलो. मग भट्टीत भाजलेला अख्खा मासा आणि ताटाएवढी रोटी, दोघींचं पोट फुटेपर्यंत. संपूर्ण सहलीत जाहिरातीशिवाय विकली जाणारी आणि जाहिरातीपेक्षा चांगली निघालेली ही एकच वस्तू.

फैफाचा रस्ता दोन तासांचा. वाटेत तपासणी नाके आहेत, इकामा, म्हणजे इथल्या वास्तव्याचा परवाना, पर्समध्ये तळाशी ठेवू नका. सपाट रखरखाट संपला की एकाएकी डोंगर उभा राहतो, वळणावर वळण, आणि दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची हिरवी शेतं. कॉफीची झाडं, केळी, ढग. इरा खिडकीला नाक लावून बसली होती आणि मधूनमधून आपलं इंग्रजी भाषण घोकत होती. 'नो लाइफ वॉज हर्ट' हे वाक्य तिने घाटात निदान वीस वेळा म्हटलं.

शनिवारी सकाळी कार्यशाळेच्या दारात नताशा भेटली. ब्रँडची प्रसिद्धी तिच्याकडे. मुंबईत वांद्र्याला वाढलेली, हिंदी-इंग्रजीची खिचडी बोलणारी, आणि प्रत्येक वाक्यात 'धरती' आणणारी. धरतीसाठी तिने खोलीतला एसी इतका थंड ठेवला होता की माझे दात वाजले. तिने इराच्या अंगावर अबाया चढवली. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. गडद निळी, कडांना पांढरी बारीक नक्षी. मी बाही बोटांत धरली आणि मला सगळं कळलं.

किडा मारायचा नसेल तर पतंगाला कोष फोडून बाहेर येऊ द्यावं लागतं. कोष फुटला की तार तुटते. मग ते तुकडे कापसासारखे कातावे लागतात, आणि कापड जाडंभरडं, गाठीगाठीचं होतं. माझ्या हातातलं कापड पाण्यासारखं तुळतुळीत होतं. अखंड तारेचं. ही तार कोष उकळल्याशिवाय निघत नाही. शिवाय भिंतीवर ओळीने पन्नासेक अबाया टांगलेल्या, आणि बाहेर किड्यांना खायला लागणारी तुतीची झाडं मी मोजली असती तर दोन्ही हातांची बोटं पुरली असती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

खरं सांगायचं तर मला मजा येत होती. नताशा बोलत होती आणि मी मान डोलावत मनात रियाधच्या मैत्रिणींना सांगायची वाक्यं जुळवत होते. इरा आरशासमोर उभी राहून पाठांतर करत होती.

रंगकाम करणाऱ्या मिचिको बाई साठीच्या आहेत, कोपरापर्यंत हात निळे. त्या माहितीपत्रकातले 'जपानी हात' म्हणजे हे दोन, एवढेच. कापडाला हजार गाठी बांधायच्या, निळीच्या पिंपात बुडवायचं, वाऱ्यावर धरायचं, पुन्हा बुडवायचं. हिरवट ओलं कापड हवेत निळं होत जाताना मी बघितलं. हे काम खरं होतं. कापड कुठलं, असं मी विचारलं. तुटक इंग्रजीत त्या म्हणाल्या की ते गठ्ठ्याने येतं, कुठून ते त्या दरवेळी विचारतात आणि दरवेळी उत्तर मिळत नाही. मग त्यांनी कपाटातून दोन ओढण्या काढल्या. पिवळसर, न रंगवलेल्या. इथल्या किड्यांचं रेशीम म्हणजे एवढंच, वर्षभराचं, आणि ते मागच्या शेडमधल्या माणसाने वाढवलं.

शेडमधला माणूस माझं मराठी ऐकून स्वतःच बाहेर आला. ''ताई, तुम्ही कुठल्या?''

इस्माईलभाई दापोलीजवळचे, पन्नाशीचे. मूळचे प्लंबर. ठिबकच्या नळ्या टाकायला आले, आणि किडे सांभाळायला माणूस मिळेना म्हणून तेही यांच्याच गळ्यात पडले. शिकले कुठे? बीडकडच्या एका रेशीम शेतकऱ्याचे व्हिडिओ मोबाईलवर बघून. पहिल्या दोन वेळा सगळे किडे मेले, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणाले. तिसऱ्यांदा जगले. तर वाचकहो, सौदीच्या मातीचं हे रेशीम कोकणातल्या प्लंबरने मराठवाड्यातल्या शेतकऱ्याकडून शिकून काढलेलं आहे. पत्रकात यातलं अक्षर नाही.

इराने त्यांना विचारलं की पतंग बाहेर आल्यावर कुठे सोडता. इस्माईलभाईंना प्रश्नच कळेना. त्यांनी कोपऱ्यातलं पातेलं दाखवलं. ''उकळावं लागतं ना बाय. नायतर तार तुटते.''

इरा पातेल्याकडे बघत राहिली. मग अंगावरच्या अबायाकडे. मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, तेच तिने हेरलं.

''तुझे सुबह से पता था?'' ती म्हणाली. चिडली की ती हिंदीवर येते.

मी म्हटलं, तू इतकी खुशीत होतीस. ती म्हणाली, नाही, तू खुशीत होतीस.



कॅमेरा लागला. नताशाने हसून खूण केली. इराने पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की इथे इस्माईल नावाचे एक काका रेशीम वाढवतात, त्यासाठी किडे उकळावे लागतात, वर्षात दोन ओढण्या झाल्या आहेत, आणि बाकीचं कापड कुठून येतं ते इथे कोणी सांगत नाही.

माझा ऊर भरून आला, पण क्षणभरच. कारण दारात उभ्या इस्माईलभाईंचा चेहरा पांढरा पडला होता. हा माणूस ज्याच्या कागदावर या देशात राहतो, त्या कफीलच्या, म्हणजे मालकाच्याच, धंद्याचं हे बिंग होतं. मी सरळ नताशाकडे गेले आणि ते चित्रण माझ्यासमोर पुसायला लावलं. तिने आनंदाने पुसलं. सबंध दिवसात आमचं दोघींचं एकमत झालं ते यावर. पुन्हा एकदा घेऊ या का, असं तिने विचारलं. इराने अबाया उतरवली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

इस्माईलभाईंची मी माफी मागितली. ते म्हणाले, पोरगी खोटं तर बोलली नाही. पण आम्हाला निरोप द्यायला ते फाटकापर्यंत आले नाहीत.

धुकं उतरायच्या आत घाट उतरा, हा माझा सल्ला. उतरताना मी इराला इकामा म्हणजे काय, कफील म्हणजे काय, नोकरी गेली की काय काय जातं, हे पहिल्यांदा नीट सांगितलं. ती जन्मापासून या देशात आहे, पण आमच्या घरात हे शब्द फक्त अर्ज भरण्यापुरते वापरले जातात. मग ती म्हणाली की तू सकाळीच सांगितलं असतंस तर मी त्यांचं नाव घेतलंच नसतं. 

महिन्याभराने व्हिडिओ आला. दुसरीच मुलगी, तीच वाक्यं. शेड नाही, पातेलं नाही. मिचिको बाईंचे निळे हात होते, तोंड नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. डोंगर बघा, कॉफी प्या, मासा खा. अबाया घ्यायचीच असेल तर सुंदर आहे म्हणून घ्या.

गेल्या शुक्रवारी येवल्याला वडिलांना व्हिडिओ कॉल लावला होता. इराने माझ्या हातातून फोन घेतला आणि मोडक्या मराठीत विचारलं, ''आजोबा, तुमचं रेशीम कुठलं?''

''बंगळूरूचं,'' ते म्हणाले.

''आणि त्यातले किडे?''

''ते उकळतात बाळा. त्याशिवाय तार कशी निघेल?''

हे गिऱ्हाइकांना सांगता का, असं तिने विचारलं. वडील म्हणाले, ''चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाही.''

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या चाळीस वर्षांत न विचारणाऱ्यांत मीही मोडते. इराने वही ओढली आणि म्हणाली, मग मला सांगा, पहिल्यापासून. वडिलांनी माग थांबवला आणि ते फोनच्या जवळ येऊन बसले.