हेलनला दिलेले ब्याण्णव मार्क

हेलन सोलोसाठी उभी राहिली तेव्हा मी तिसऱ्या रांगेत फोन सरसावून बसले होते. व्हिडिओ आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकायचा होता. तशी परवानगी तिने आनंदाने दिली होती.

रविवारची दुपार, आमच्या शहरातल्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातला एक हॉल, वीसेक हौशी वादकांचा बँड. हेलन निवृत्त शाळाशिक्षिका. कित्येक वर्षं सॅक्सोफोन वाजवत होती, पण समोरच्या कागदावर लिहिलेलं. सोलो हे वेगळं काम. मागे बँड ठरलेल्या कॉर्ड्सचं, म्हणजे सुरांच्या जुळण्यांचं, चक्र वाजवत राहतो आणि एकटा वादक त्यावर त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. आपल्याकडे गायक ठेक्यावर ताना घेतो, साधारण तसं. चक्रात आपण कुठे आहोत याचं भान सुटलं की संपलं. आयुष्यात एकदा तरी असा सोलो वाजवायचा, अशी तिची इच्छा होती. त्याची तयारी तिने आमच्या अ‍ॅपवर केली होती.

सुरुवात बरी झाली. मग गाण्याचा मधला भाग आला. त्याला ब्रिज म्हणतात. आपल्या अंतऱ्यासारखा, तिथे कॉर्ड्स बदलतात. हेलन आधीच्याच कॉर्ड्सवर वाजवत राहिली. बँड एकीकडे, ती एकीकडे. लक्षात आल्यावर थांबली, पुन्हा शिरायला गेली, पुन्हा चुकीच्या जागी. शेवटी शेजारच्या ट्रम्पेटवाल्याने उरलेला भाग वाजवून सावरून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा वेळी इथे जरा जास्तच वाजवतात. मी फोन पर्समध्ये ठेवला.

मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी ती माझ्याकडे आली. "घरी ब्याण्णव येतात," ती म्हणाली. "कालसुद्धा आले. मला कळत नाही काय झालं."

मला कळत होतं. त्या ब्याण्णवातले बरेचसे मार्क मी घातलेले होते.

"स्टेजवर होतं असं," मी म्हणाले. "नर्व्हस झाली असशील. नो वरीज."

ते वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते.

त्याचं असं झालं होतं. आमची कंपनी पाच जणांची. अ‍ॅप साधं: तुम्ही वाजवता, माइक ऐकतो, तुमचा सूर त्या वेळच्या कॉर्डला शोभतो का ते तपासून शंभरपैकी मार्क देतो. अडचण लेटन्सीची होती. ब्लूटूथ हेडफोन लावला की साथ कानात किंचित उशिरा पोचते. वादक बिचारा बरोबर वाजवतो, अ‍ॅपला वाटतं तो मागे पडला. चांगल्या वादकांनाही निम्मे मार्क पडायचे, आणि ट्रायलचे, म्हणजे अ‍ॅप आधी वापरून बघणारे, युजर चौथ्या दिवशी अ‍ॅप उघडायचं बंद करायचे. खरा उपाय म्हणजे प्रत्येकाच्या हेडफोनचा उशीर मोजून तो वजा करणं. त्याला मी सहा आठवडे मागितले. बॉस क्रेगने दोन दिले. "लोकांना आपण सुधारतोय असं वाटलं पाहिजे," एवढंच म्हणाला.

मी चार ओळींचा कोड लिहिला. रोज सराव करणाऱ्याचा स्कोअर मागच्या वेळेपेक्षा खाली जाणार नाही आणि दर वेळी थोडा वर सरकेल. म्हणजे मार्क वाजवण्याचे नव्हते, हजेरीचे होते. कोडमध्ये त्या भागाला मी 'एन्करेजमेंट' असं नाव दिलं. तात्पुरतं आहे, असं स्वतःला सांगितलं. पुढे लेटन्सीचं कामही पूर्ण केलं. चार ओळी मात्र राहू दिल्या. कारण आता कोणी अ‍ॅप सोडत नव्हतं आणि मीटिंगमध्ये माझं कौतुक होत होतं.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी हेलनची मेल आली: अ‍ॅप छान आहे, पण ती कुवत माझ्यातच नाही. बँडमध्ये सांगून टाकलंय, यापुढे मला सोलो नको. माझी ट्रायलची जागा एखाद्या तरुण वादकाला द्या.

मी तिची रेकॉर्डिंग्ज काढली. ट्रायलमध्ये तशी परवानगी घेतलेली असते. चार ओळी बंद करून सगळं पुन्हा मोजलं. स्कोअर पन्नाशीच्या आसपास अडकलेला. सूर चांगले होते, वाजवण्याचा ढंग चांगला होता. फक्त ब्रिज यायच्या वेळी ती पहिलाच भाग पुन्हा सुरू करत होती. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, दर वेळी. खरा आकडा दिसला असता तर तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं, कुठे चुकतंय? आम्ही ती वेळच येऊ दिली नाही.

क्रेगला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "सगळीच अ‍ॅप्स असं करतात, मेट. तिला छानसं उत्तर लिही." मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्या ओळी त्याने मागितल्या नव्हत्या. त्या मी आपण होऊन दिल्या होत्या.

घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला टार्निटला, नवऱ्याला सांगितलं. निखिलही आयटीतलाच. चालायचंच, असं तो म्हणेल अशी मला आशा होती. तो म्हणाला, "मेल लिहिणारेस की तिच्याकडे जाणारेस?"

शनिवारी गेले. मी समजूत घालायला आलेय असं वाटून हेलनने केक कापला. मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "त्या दिवशी चहा घेताना तुला हे माहीत होतं?"

"हो."

"मी आठवडाभर स्वतःला मूर्ख समजत होते."

मी सॉरी म्हणाले. तिने 'इट्स ओके' म्हटलं नाही. वही-पेन्सिल पुढ्यात घेतली. मग म्हणाली, "लॅपटॉप आणलायस ना? ऐकव मला."

चौथ्या रेकॉर्डिंगला तिने हात वर केला. शाळेतल्या मुलांसाठी हेच गाणं तिने सोपं करून बसवलं होतं. त्यात पहिला भाग तीनदा होता, मूळ गाण्यात दोनदाच. वर्षानुवर्षं मुलांबरोबर वाजवून बोटांना तेच वळण पडलं होतं. तिने पेन्सिलीने वहीत एक ओळ लिहिली आणि मला दारापर्यंत सोडायला आली. केकला कोणीच हात लावला नव्हता.

सोमवारी मी त्या ओळी काढल्या आणि ट्रायलच्या सगळ्या युजरना, त्यांचे मार्क कसे वाढत होते, ते कळवणारी मेल लिहिली. क्रेगने ती दोन दिवस अडवली. माझं नाव घालून पाठव, असं मी म्हटल्यावर गेली. निम्मे लोक सोडून गेले. काहींनी लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये मार्कच नव्हते. वादक कुठे हरवला, तेवढंच दिसायचं. ते लोकांना फारसं आवडलं नाही. माझ्यासाठी ठरलेली टीम लीडची जागाही दुसऱ्याला मिळाली. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

हेलनने आमचं अ‍ॅप पुन्हा उघडलं नाही. ट्रम्पेटवाल्याबरोबर सराव करते, असं कळलं. हिवाळ्यातल्या कार्यक्रमाचं तिने मला बोलावणं पाठवलं नाही. बँडच्या पेजवर व्हिडिओ पाहिला. सोलो साधाच होता, एक सूर फाटला, पण ब्रिजमध्ये ती बरोबर शिरली. मी खाली कमेंट लिहिली आणि पुसून टाकली.

हल्ली नव्या मुलामुलींचा कोड तपासताना मी एक प्रश्न विचारते: हा आकडा कोणी खरा मानला तर काय होईल? "एवढं कोण बघतंय," असं उत्तर आलं, तर ती ओळ काढायला लावते. कोणीतरी बघतच असतं, आणि सहसा सगळ्यात मन लावून काम करणारं माणूसच बघत असतं.