लेकीची वाट पाहणारी गाडी

साताऱ्याहून निघताना बायको म्हणाली, "सॉफ्टवेअर बघायला थेट वर्धा जिल्ह्यात? ते काय स्थळ आहे का?"

"स्थळच! एकदा गळ्यात पडलं की सुटका नाही."

आमच्या गाड्यांच्या शोरूमचा सगळा कारभार एका सॉफ्टवेअरवर टाकायचा होता. निवड दोघांतून करायची होती. पुण्याच्या कंपनीचे समीरसाहेब टाय लावून तासन् तास बोलायचे. नागपूरच्या मीनाताई फोनवर बोलण्यापेक्षा विचारायच्याच जास्त. पुण्याचं सॉफ्टवेअर माझे मित्र विलासभाऊ जामच्या त्यांच्या शोरूममध्ये वापरतात. ते चालताना बघावं म्हणून साहेबांना घेऊन नागपूरला उतरलो आणि भाड्याच्या गाडीनं जाम गाठलं.

जाम हे हमरस्त्यावरचं नाक्याचं गाव. विलासभाऊंनी आधी पोहे आणि तर्री (हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा) पुढे केली. पहिल्या घासाला साहेबांचा टाय सैल झाला, दुसऱ्याला सुटला. मी नाक पुसत दुसरी प्लेट मागितली.

शोरूममध्ये एक पांढरी गाडी हार घालून उभी होती. शेजारच्या बाकावर वडनेरच्या कांताबाई बसल्या होत्या. भाजीपाला पिकवणाऱ्या कास्तकार (शेतकरी). मांडीवर भाकरीचा डबा.

"काकू, गाडी तयार हाय. काऊन थांबून राह्यल्या?" विलासभाऊंनी विचारलं.

"पोट्टी (मुलगी) येऊन राह्यली ना समुद्रपूरहून. विहिरीवर मोटर बसवली तवाबी बटन तिनंच दाबलं. नव्या वस्तूले पह्यला हात लेकीचा. पोळ्याले येऊन गेलती, मंग कापसात गुतली."

तेवढ्यात संगणकावर लाल पट्टी आली. समीरसाहेब खुलले. "बघा! आज ठरलेली गाडी शोरूम बंद होईपर्यंत नेली नाही, तर ती आपोआप पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावावर जाते. कोणालाही थांबवता येत नाही."

"मलेबी नाई," विलासभाऊ पडेल आवाजात म्हणाले. "कुलूप याइच्या पुण्याले."

"अन् दुसरी कवा येईन?" कांताबाईंनी विचारलं.

"आत्ता सांगता येणार नाही, बाई," समीरसाहेब म्हणाले.

कांताबाईंनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "जाऊ द्या मंग. तिच्याबिगर नाई नेत."

इतक्यात त्यांचा फोन वाजला. लेकीची एसटी वाटेत पंक्चर होऊन उभी होती. गणेशोत्सवातल्या नाटकांत राजाची कामं केलेला माणूस मी, छाती पुढे काढून गरजलो, "समीरसाहेब, उरलेलं प्रात्यक्षिक रस्त्यावर!" आणि त्यांना आमच्या भाड्याच्या गाडीत कोंबलं.

समुद्रपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मावळतीच्या उन्हात शेतं जणू दिवे लावून बसली होती. एका कडुलिंबाखाली एसटी आणि तिच्याभोवती वैतागलेले प्रवासी.

"कांताबाईंची वंदना कोण?"

"मी. तुमी कोन?"

"हे साहेब तुमच्या आईची गाडी पळवताहेत. म्हणून मी साहेबांनाच पळवून आणलं!"

ती खळखळून हसली, आईला फोन केला आणि मागे बसली. जरा वेळानं म्हणाली, "आई जेवली नसंन. भरीत आणलं असंन माह्यासाठी. घर दूर नाई हो, काका. पण सासरच्या उंबऱ्याहून लई लांब वाटते."

 आमची लेक मुक्ता कॅनडात आहे. माझी सगळी नाटकं तिथे संपतात.

पोचलो तेव्हा विलासभाऊ अर्धं शटर खांद्यावर तोलून उभे होते. "बंद झालं नाई अजून!" ते ओरडले. "गंजलं हाय!"

"किती वाळली वं!" कांताबाई लेकीवर डाफरल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवत राहिल्या. वंदनानं किल्ली फिरवली. गाडी निघण्याआधी तिच्यातच डबा उघडला गेला. वांग्याच्या भरिताचा पहिला घास लेकीला, दुसरा समीरसाहेबांना. साहेबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, मिरची.

परतताना मीनाताईंना फोन लावला. "गाडी तयार आहे, पण घरचं माणूस यायचंय. तुमच्याकडे काय होतं?"

"थांबते गाडी. फक्त कोणासाठी थांबली ते लिहा लागते, भाऊ. नाईतर सकाळी कोनीतरी दुसऱ्याले देऊन टाकते."

माझी निवड तिथेच झाली.

साताऱ्याला नवं सॉफ्टवेअर सुरू झालं, तेव्हा पहिली नोंद मीच केली. शोरूमच्या मागे कापड पांघरलेली एक लाल गाडी आहे. मुक्तानं फोनवर रंग निवडून आईसाठी घ्यायला लावलेली. बायको अजून तिच्यात बसलेली नाही. कोणासाठी थांबली आहे, या रकान्यात मी लिहिलं: मुक्ता. तारखेची जागा रिकामी सोडली. लाल पट्टी आली नाही.

मागून बायकोनं ते वाचलं. मग पदर खोचून ती गाडीवरची धूळ झटकायला गेली.